टाळ्यांचं गाणं

रेकॉर्डिंगच्या तिसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही भावंडं एकाच टेबलाशी बसली होती, एकाच बरणीतलं लोणी पावाला लावत होती आणि एकमेकांशी एक अक्षर बोलत नव्हती. जे काही बोलणं चाललं होतं ते सगळं वहिनीमार्फत. धाकटा म्हणे, वहिनी, तिला सांग की चौथं गाणं ती रडक्यासारखं गाते. त्याच्यापासून हातभर अंतरावर बसलेली पिपाणी म्हणे, वहिनी, त्याला सांग की गाणं कशाबद्दल आहे ते आधी त्याला कळू दे, मग मला शिकवू दे. आणि मोठा, म्हणजे वहिनीचा नवरा, यातलं काहीच कानावर न घेता दोन चमच्यांनी टेबलाच्या कडेवर ताल धरून बसला होता… सकाळचे साडेसातसुद्धा वाजले नव्हते.

वहिनी ओट्याशी उभी राहून पाच डबे भरत होती. चार घरच्यांचे आणि एक रेकॉर्डिस्टचा, कारण पहिल्या दिवशी तो उपाशी राहिला होता आणि त्याचा राग त्यानं दुपारभर गिटारवर काढला होता. डब्यांची झाकणं दाबता दाबता तिच्या मनात आलं, माणसाच्या सहनशीलतेलाही एखादं असंच घट्ट झाकण असतं तर किती बरं झालं असतं!

या घरात ती आली त्याला आठ वर्षं झाली होती. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासण्याचं तिचं काम, नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, शांत आणि कष्टाळू. लग्नानंतर दोन वर्षांत सासूबाई गेल्या, सासरे तर त्याआधीच गेले होते, आणि कॉलेजात जाणारे हे दीर-नणंद तिच्या पदरात पडले. नणंदेचं घरातलं नाव पिपाणी, कारण लहानपणी ती रडायला लागली की चार घरं पलीकडे ऐकू जायचं. त्याच गळ्यानं ती आता गात होती, आणि खरंच फार गोड गात होती. धाकटा गाणी लिहायचा, चाली लावायचा, गिटार वाजवायचा. मोठा ड्रम्सवर. बेस गिटार वाजवणारा मित्र पहिल्या कार्यक्रमाच्या महिनाभर आधी भांडून निघून गेला, तेव्हा धाकटा दोन दिवस जेवला नाही. शेवटी वैतागून वहिनीच म्हणाली होती की चार तर तारा आहेत, दाखवा मला कुठे बोटं ठेवायची ते. बोटांना फोड आले, फोडांवर घट्टे आले. तेव्हापासून बँडचा बेस वहिनीकडे होता, आणि बँडचे कपडे, वेळापत्रक, रुसवेफुगवेही तिच्याचकडे.

आता पाच गाण्यांची पहिली छोटी रेकॉर्ड निघणार होती. गाद्यांच्या दुकानामागची एक खोली त्यांनी तीन दिवसांसाठी घेतली होती. भिंतींना जुन्या गाद्या लावलेल्या, कोपऱ्यात ड्रम्ससाठी काचेची केबिन, आणि दुसऱ्या काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट, ज्याचा उसासा माइकशिवायही ऐकू यायचा. पहिला दिवस पंख्याच्या घरघरीत गेला. पंखा बंद केला तर सगळे घामाघूम, आणि गिटारच्या तारा उतरायला लागल्या. दुसऱ्या दिवशी पुढच्या दुकानात कुणी गिऱ्हाईक गादीवर उड्या मारून स्प्रिंगा तपासत राहिलं आणि तिसऱ्या गाण्यात अधूनमधून ‘कुईं’ असा आवाज आला. धाकट्याला तो आवडला. ठेवू या म्हणाला. बाकीच्या तिघांनी त्याला तासभर समजावलं. तरी कशीबशी चार गाणी झाली. राहिलं फक्त चौथं, सगळ्यांच्या आवडीचं, ज्याला ऐकणारे टाळ्यांचं गाणं म्हणायचे. तिसऱ्या दिवशी पाच वाजता खोली सोडायची होती.

आणि नेमकं तेच गाणं काही केल्या होईना.

त्याचं धृपद असं होतं: खोलीचा रंग ठरला होता, भिंतच आली नाही, दार उघडं ठेवलं होतं, चाहूल झाली नाही. प्रत्येक ओळीनंतर दोन टाळ्या. चाल उड्या मारणारी, ताल नाचरा. धाकट्याच्या मते हे बिल्डरनं फसवलेल्या माणसाचं गाणं होतं. घर बुक केलं, रंगसुद्धा निवडला आणि इमारत काही उभी राहिली नाही… यात गंमत आहे, उपहास आहे, तो हसत म्हणायला हवा, असं तो पिपाणीला परत परत सांगत होता. पिपाणी हसत म्हणायची, आणि ‘चाहूल’ या शब्दाशी आली की तिचा आवाज आपोआप उतरायचा. अकरा वेळा झालं, मग सोळा वेळा. बाविसाव्या वेळी रेकॉर्डिस्टनं डबा उघडला आणि मायक्रोफोनमधूनच सांगितलं की मी जेवून घेतो, तुम्ही चालू द्या.

वहिनी बेस मांडीवर घेऊन बसली होती. बावीस वेळा तिनं तेच सूर वाजवले होते, बावीस वेळा खाली मान घालून टाळ्या वाजवल्या होत्या. तिच्या अंतःकरणात काय चाललं आहे हे त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं…

कारण ते शब्द तिचे होते.

साडेतीन वर्षांपूर्वी, दुकानातल्या नंबर लिहून द्यायच्या कागदामागे तिनं ते लिहिले होते. कागद स्वयंपाकघरातल्या खणात राहिला आणि धाकट्याच्या हाती लागला. हे कुणाचं, असं त्यानं विचारलं तेव्हा ती पोळपाट धूत होती. मागं वळूनही न बघता ती म्हणाली, असंच काहीतरी आहे, हवं तर घ्या. त्यानं घेतलं. आठ दिवसांत त्याला चाल लागली, महिन्याभरात टाळ्या लागल्या. वर्षभरानं एका छोट्या कार्यक्रमात निवेदकानं विचारलं, तर जिन्यात बसून हे गाणं आपल्याला कसं सुचलं ते त्यानं इतक्या मनापासून सांगितलं, की तो खोटं बोलत नाहीये हे वहिनीला कळलं. त्याला खरंच तसं वाटत होतं. ती तेव्हाही काही बोलली नाही. घरात आधीच कमी का भांडणं होती!

“एकदाच सांग मला,” पिपाणीनं हेडफोन काढले. आता ती थेट भावाशी बोलत होती. “हा माणूस दुःखी आहे की नाही?”

“बिल्डरनं फसवलंय त्याला. चिडलाय तो.”

“चिडलेला माणूस दार उघडं ठेवून वाट बघतो? भिंत नाही तर दार कुठून आलं रे?”

 धाकटा म्हणाला की कवितेत असं चालतं. पिपाणी म्हणाली की ज्याला स्वतःच्या ओळीचा अर्थ सांगता येत नाही त्यानं दुसऱ्याला गायला शिकवू नये. शब्दाला शब्द वाढला. तो म्हणाला, गाणारे पैशाला पासरी मिळतात. ती म्हणाली, मग आण एखादी, मी चालले, रेकॉर्डमधून माझी गाणी पुसून टाक. आणि तिनं खरोखरच पर्स उचलली. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टचा घास हातातच राहिला.

वहिनीला आठ वर्षांचा शीण एकदम जाणवला. हातावरच्या फोडांचा, डब्यांचा, दोघांच्या मधे उभं राहून निरोप पोचवण्याचा. तिनं बेस खाली ठेवला.

“पर्स ठेव खाली,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच की काय, दोघंही थबकले. “भिंत म्हणजे भिंत नव्हे. मूल आहे ते. येणार होतं, आलं नाही. आता कळलं? मग गा आणि सुटू या एकदाचे.”

काचेपलीकडे रेकॉर्डिस्टनं हातातला घास डब्यात परत ठेवला. 

“पण वहिनी, हे तर मी…” धाकटा बोलायला गेला, आणि मधेच त्याचा चेहरा बदलला. वहिनी त्याच्याकडे नुसती बघत होती. कुठल्यातरी संध्याकाळचा खण, चष्म्याच्या नंबरांचा कागद, गोलसर अक्षर हळूहळू त्याच्या डोळ्यांपुढे येत असावं… तो खालीच बसला, गिटारच्या पेटीवर.

पिपाणी जवळ आली. कधी, एवढंच तिनं विचारलं.

मग वहिनीनं सांगितलं. फार काही नव्हतंच सांगण्यासारखं. चौथा महिना लागायचा होता, म्हणून घरात अजून कुणाला सांगितलं नव्हतं. पहिल्या कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी सगळं संपलं. मोठा म्हणत होता की कार्यक्रम रद्द करू, दोघांना सांगू. तिनंच त्याला शपथ घातली. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच ही दोघं हसताना दिसत होती, त्यांच्या आनंदावर आपलं दुःख कशाला लादायचं? कार्यक्रम झाल्यावर बोलू, असं तिनं ठरवलं होतं. तीन दिवसांनी ती उभी राहून तासभर बेस वाजवत होती. त्यानंतर कार्यक्रमामागून कार्यक्रम येत गेले आणि बोलायचं राहूनच गेलं.

“तुला चक्कर आली होती त्या दिवशी,” पिपाणी पुटपुटली. “मी तुला म्हटलं होतं, वहिनी, स्टेजला घाबरतेस काय एवढी…”  तिनं वहिनीच्या गळ्यात हात टाकले, आणि चार घरं पलीकडे ऐकू जाणारा तो तिचा गळा, त्यातून हुंदकासुद्धा नीट बाहेर पडेना.

काचेच्या केबिनचं दार उघडलं. मोठ्यानं हेडफोनमधून सगळं ऐकलं होतं. तीन वर्षांहून जास्त हे गाणं तो वाजवत आला होता, धाकट्याचं समजून! काठ्या हातातच घेऊन तो बायकोसमोर येऊन उभा राहिला. मोजकंच बोलणारा माणूस. 

“फिकट हिरवा,” तो म्हणाला.

वहिनीनं मान वर केली.

“तू म्हणालीस त्याच दिवशी मी रंगाचा डबा विकत घेतला होता. मग घरी कसा आणणार… कामावर ठेवलाय. त्या जुन्या इमारतीत, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत. दर महिन्याला तपासणीला जातो तेव्हा दिसतो. झाकण उघडलं नाही कधी.”

“मला वाटलं तुम्ही विसरलात,” ती म्हणाली. आणि इतका वेळ कोरडे राहिलेले तिचे डोळे भरून वाहू लागले. “तुम्ही कधी एका शब्दानं…”

“तू शपथ घातली होतीस.”

साडेतीन वर्षं एका छपराखाली, एका ताटात जेवून, दोघं एकमेकांना जपत राहिले होते, आणि त्या जपण्यानंच दोघांना एकेकटं केलं होतं! त्यानं काठ्या खिशात खोचल्या आणि तिचा घट्टे पडलेला हात हातात धरला. धाकट्या भावंडांसमोर त्यानं असं कधीच केलं नव्हतं.

धाकटा उठला. त्याचं आता वेगळंच सुरू झालं. हे गाणं रेकॉर्डवर घ्यायचंच नाही, तो म्हणाला. नाहीतर घेऊ, पण टाळ्या काढून टाकू, एकदम संथ करू, बेसऐवजी नुसतं व्हायोलिन; माझं नाव कुठेच नको; वहिनी, मी चोर आहे, मला माफ करू नकोस. त्याचे डोळे लाल झाले होते. त्याचं बोलणं अगदी आतून येत होतं, आणि तरीही ते ऐकून वहिनीचं डोकं पुन्हा दुखायला लागलं.

“भावजी, बसा,” ती नाक पुसत म्हणाली. “चोर वगैरे काही नाही. मीच दिलं होतं. तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही, दोघांचंही चुकलं. शब्द माझे म्हणून लिहा, चाल तुमची म्हणून लिहा, झालं. आता व्हायोलिन कुठून आणताय? साडेतीन वाजलेत.”

“पण टाळ्या, वहिनी… मी तुला त्याच्यावर टाळ्या वाजवायला लावल्या.”

तिनं बेस उचलून परत मांडीवर घेतला.

“पहिल्या पहिल्यांदा फार राग यायचा,” ती म्हणाली. “वाटायचं, उठून निघून जावं. मग मागच्या वर्षी त्या शाळेच्या मैदानावर एक बाई होती पुढं, कडेवर लेकरू. ते लेकरू टाळ्या चुकीच्या ठिकाणी वाजवत होतं, आणि ती परत परत त्याचे हात धरून शिकवत होती. त्या दिवशी नाही आला राग. टाळ्या राहू देत. संथपणे मी ते पुष्कळ म्हटलंय, एकटीनं.”

 मोठा केबिनमध्ये गेला. पिपाणीनं पाणी प्यायलं, हेडफोन चढवले आणि काचेकडे बघून मान हलवली. रेकॉर्डिस्टनं हात पुसले.

तेविसाव्या वेळी तिनं ते ना हसत म्हटलं, ना रडत. एखादी गोष्ट जशी घडली तशी सांगावी, तसं म्हटलं. ‘चाहूल’पाशी तिचा आवाज किंचित उतरला आणि तिनं तो उतरू दिला. धाकटा वहिनीच्या बोटांकडे बघत वाजवत होता. इतक्या वर्षांत प्रथमच तो तिच्या मागून चालला होता. टाळ्या चौघांनीही वाजवल्या. शेवटच्या दोन मोठ्याच्या जरा उशिरा पडल्या.

रेकॉर्डिस्ट म्हणाला की छान झालं, पण शेवटच्या टाळ्यांसाठी अजून एकदा घेऊ.

“नाही,” वहिनी बेस पेटीत ठेवत म्हणाली. “झालं.”

साडेचारला ते बाहेर पडले. दुकानाच्या दारात बहीण-भाऊ परत सुरू झाले. पाचांतलं कुठलं गाणं पहिलं ठेवायचं यावरून. पण आता ते एकमेकांशी भांडत होते, मधे कुणी नव्हतं. मोठ्यानं बायकोला हळूच विचारलं की त्या जुन्या इमारतीपर्यंत चालत यायला जमेल का, फार लांब नाही. ती हो म्हणाली. मागून धाकट्यानं हाक मारली, वहिनी, घराची किल्ली कुणाकडे आहे, आणि ही ऐकत नाहीये, तिला जरा सांग.

“तुमचं तुम्ही बघा,” वहिनी मागं न वळता म्हणाली, आणि नवऱ्याच्या बरोबरीनं चालू लागली. कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती त्याला सांगायला लागली होती, अगदी पहिल्या दिवसापासून… आणि तो ऐकत होता.