जीवरामआजांची नक्कल

१९८८च्या वैशाखात शिरपूरच्या पंडित मास्तरांना धुळ्याहून पत्र आलं. मामेभाऊ लोटनचं. जीवरामआजांच्या नाटकाला शंभर वर्षं होत होती, धुळ्यात त्याचा प्रयोग लावायचा होता. नाटकाची हाताने लिहिलेली एकुलती नक्कल मास्तरांकडे होती. त्यांच्या मायने, प्रमिलाबाईने, ती माहेराहून आणली होती.

जीवराम तिचे आजोबा. नाटक मंडळीत राणीची कामं करायचे. धुळ्यातल्या एका प्रयोगात ऐन वाक्यात त्यांचा आवाज गेला, तो गेलाच. पुढे अकरा वर्षं जगले, पण मुक्याने.

मायचंही आता तसंच झालं होतं. अर्धांगवायूने तीन वर्षं ती खाटेवर होती. तोंडून शब्द नाही.

दुपारी तिच्या शेजारी बसून मास्तर नक्कल मोठ्याने वाचत उतरवून घेऊ लागले. शेवटची पानं वाळवीने खाल्ली होती. राणीचं वाक्य अर्ध्यावरच तुटलं होतं.

"दासी, दिवा आण. दारात जे उभे आहेत..."

मास्तर थांबले.

"...ते महाराज नव्हेत," खाटेवरून आवाज आला.

तरण्या पुरुषाने बाईचा काढावा तसा आवाज. पार मागच्या रांगेपर्यंत पोचेल असा. मायचे डोळे आढ्याकडे होते आणि ओठ हलत होते.

 मास्तरांनी पेन उचललं. ती बोलत गेली, हे लिहीत गेले. चार पानं झाल्यावर त्यांना राहवेना.

"माय, मना आवाज तुले ऐकू येस का? मी पंडित शे..."

 मास्तरांनी लिहिलेला शेवटचा शब्द पुन्हा उच्चारला, तेव्हाच तो आवाज पुढे बोलू लागला. मायचे ओठ सुकून पांढरे पडले होते. मास्तरांनी वही मिटली आणि पाणी आणायला उठले.

माठातून तांब्या भरताना मागे तो आवाज आपोआप सुरू झाला. एका वाक्याशी अडला. लगेच कुणीतरी हळूच पुढचा शब्द पुरवला. पुन्हा अडला... पुन्हा पुरवला.

शब्द पुरवणारा तो किंचित घोगरा आवाज मायचा होता. तिचा स्वतःचा, तीन वर्षांपूर्वीचा.

मास्तर तांब्या धरून उंबऱ्यापाशी उभे राहिले. आत पाऊल टाकलं तर दोन्हींतला कोणता आवाज थांबेल, हे त्यांना कळत नव्हतं.