अनसूयाआजीची चिमणी

"पुन्हा भोकं पडली!" केदार ओरडला.

अकोल्याला मामाकडे पोचलं की दारावरची बेल चिमणीसारखी चिवचिवणार आणि आजी धावत येणार, हे दर सुट्टीत ठरलेलं! आजी शाळेत विज्ञान शिकवायची. ती बेलही तिने घरीच बनवलेली. आता आजी नव्हती, आणि गेल्या पावसाळ्यापासून बेलही मुकी झाली होती. आज संध्याकाळी योगेशमामा नवी बेल लावणार, जुनी भंगारात! म्हणून अमरावतीहून आलेली अदिती-केदार ही भावंडं आणि शेजारचा कुलदीप सकाळपासून तिच्यातलं सर्किट नव्याने बनवत होते.

सर्किटची नक्षी चकचकीत कागदावर छापायची, तांब्याचा पातळ थर असलेल्या पाटीवर पालथी घालून इस्त्री फिरवायची. काळी शाई तांब्याला चिकटते. मग पाटी रसायनात बुडवली, की उघडं तांबं विरघळतं आणि शाईखालचं वाचतं. बारीक रेघा झकास येत होत्या. पण रुंद काळ्या भागाची मात्र पार चाळणी!

"इस्त्री नीट करत नाही तुम्ही," मोबाइलमधून मान वर न काढता मामा म्हणाला. "आपला प्रिंटर एक नंबर आहे!"

"इस्त्रीले कावून बोल लावता, मामा?" कुलदीपने एक छापील कागद उन्हात धरला. "हे पाहा! काळ्यातून ऊन दिसून राहिलं!"

खरंच! रुंद भागात शाईच विरळ पडली होती. ओशाळलेल्या मामाने छपाई गडद करून पाहिली, तरी तेच! आणि पाटीचा आता शेवटचा तुकडा उरला होता.

अदितीने आजीची जुनी पाटी भिंगाखाली धरली. ओलीने रेघा हिरव्या पडून तुटल्या होत्या, पण रुंद भाग शाबूत! "अरे, यावर लाल, गुलाबी, जांभळं... नेलपॉलिश आहे हे!"

"काहीही! आजी कुठे नेलपॉलिश लावायची?" केदार म्हणाला.

"नखांना नाही रे बावळटा, तांब्याला!"

तिने धावत जाऊन स्वतःची बाटली आणली. इस्त्री झाल्यावर रुंद भागावर नेलपॉलिश फासलं, वाळू दिलं आणि पाटी रसायनात सोडली. पाटी बाहेर आली... एकही भोक नाही! मामाने मुकाट्याने बेलचे सगळे सुटे भाग पाटीवर सोल्डर करून जोडून दिले.

चिव-चिव-चिव!

आतून कमलाकांत आजोबा जवळजवळ पळतच आले. दारात बेल दाबून पोरं उभी! आजोबांनी स्वतः पुन्हा एकदा बेल दाबून पाहिली.

"शाबास रे पोरांनो! योग्या, ती नवी बेल दुकानात परत कर आधी!"

अदितीने त्यांना जुनी पाटी दाखवली, नेलपॉलिशची करामत सांगितली. आजोबा त्या रंगांवरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिले.

"बाजारात निघालो की अनसूया सांगायची, 'नेलपॉलिश आणा.' पण तिच्या नखांवर कधीच दिसलं नाही." ते हसले, डोळे मात्र भरून आले होते. "मला वाटायचं, हिला माझी पसंतीच आवडत नाही. म्हणून वेडा मी दर वेळी नवा रंग शोधून आणत होतो!"