वाईनचं जाड पुस्तक

गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत त्याला कोणतं पुस्तक पाहिजे हे प्रियदर्शनीला कळायचं. असं तीच सांगायची. नवीन जालन्यात स्टेशन रोडला, बी-बियाण्याच्या दोन दुकानांच्या मधे दबलेल्या पुस्तकाच्या दुकानात ती कामाला होती. चपलेवरून शेतकी पदविका, दाढीवरून तलाठी भरती, सोबत आई असली तर नर्सिंग. आजवर एकदाबी चुकले न्हाई, असं ती समोरच्या चहावाल्या मुनीरचाचाला ग्लास परत देताना रोज ऐकवायची.

तो आला तेव्हा भर दुपार होती. उंच, उन्हानं रापलेला, छाती पुढं. तिनं त्याला तोंडच उघडू दिलं न्हाई. पोलीस भरतीचा बारका प्रश्नसंच काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "गोळाफेकीचं शेवटच्या पानावर आहे."

त्यानं प्रश्नसंच उलटा करून पाह्यला, सरळ करून पाह्यला आणि हळूच तिच्याकडं सरकवला.

"मॅडम... वाईनवर काही मिळंल का?"

तिनं आधी रस्त्याकडं बघितलं. "दारूवर?"

"वाईनवर. पिणाऱ्याचं नको. समजणाऱ्याचं पाहिजे."

त्याचं नाव राधेश्याम. वडील बद्रीनाथ यांची द्राक्षाची बाग. खायची द्राक्षं, आणि भाव व्यापाऱ्याच्या मर्जीवर. नाशिककडच्या एका वाईनवाल्यानं वाईनच्या द्राक्षाचा करार करायची तयारी दाखवली होती. पण फोनवर त्यानं सहज विचारलं, तुम्हाला कोणती वाईन आवडते? राधेश्याम म्हणाला, लाल. तो माणूस इतका हसला की फोनच कट झाला. आता शिकून जायचं होतं. अडचण एकच. आई दैवशालाबाईनं स्वतःच्या डोक्यावर त्याचा हात ठेवून शपथ घातली होती – दारूचा थेंब घशाखाली जाणार न्हाई.

"उतरवायची न्हाई, अन् समजली तं पाहिजे. असं पुस्तक असतं का?"

"सगळ्याचं असतं," ती म्हणाली. प्रश्नसंचाचा अपमान तिला अजून बोचत होता.

तिनं पुण्याहून दोन पुस्तकं मागवली. एक बारकं. त्यात जेवणाची चित्रं, हसणारी माणसं, आणि सांगणं एवढंच की वाईन जेवणासोबत प्यावी, आवडत्या माणसासोबत प्यावी, आणि पिताना ग्लासाकडं न बघता समोरच्याकडं बघावं. दुसरं विटेएवढं जाड, इंग्रजीतलं. ग्लास उजेडात धरा, रंग बघा, गोल फिरवा, नाक घालून वास घ्या, घोट तोंडात घोळवा... आणि थुंका. खरे जाणकार थुंकतात म्हणे. थुंकायच्या भांड्याचा फोटोही होता. पितळी, पोट मोठं, गळा आखूड.

"हा तं तांब्याच हाय," राधेश्याम म्हणाला.

"तुमच्यासाठी हेच. शपथबी राहती अन् अक्कलबी येती." तिनं जाड पुस्तक त्याच्या हातात दिलं. बारकं स्वतःच्या पर्समधे टाकून घरी नेलं. अशा माणसाला बारकं पुस्तक काय कामाचं?

वाईन कुठून आणणार? मग मुनीरचाचाच्या चहावर सराव सुरू झाला. दुपारी दुकान ओस असायचं, शेठ संध्याकाळीच टेकायचे. दोघं डिक्शनरी मधे ठेवून एकेक पान लावायचे. चहा उजेडात धरायचा, फिरवायचा, हुंगायचा, गाल फुगवून घोळवायचा आणि डिंकाच्या रिकाम्या डब्यात थुंकायचा. मुनीरचाचा लांबून बघायचा आणि दुसऱ्या दिवशी साखर वाढवायचा.

"काय वास आला?" ती परीक्षा घेतल्यासारखं विचारायची.

"मोगरा."

"चहात?"

"चहात न्हाई. चहाच्या पलीकडं."

ती पुस्तकात बघायला लागली. कान मात्र लाल झाले होते. नेमकं त्याच पानावर होतं – चव घेताना जवळपास अत्तर, फुलं नसावीत. तिनं दुसऱ्या दिवसापासून गजरा बंद केला. आईनं, वंदनाबाईनं, तब्येत विचारली. राधेश्यामनं काहीच विचारलं न्हाई. तो त्या दिवशी चहातली वेलची ओळखून बसला होता आणि खूश होता.

चहावरून मोसंबीवर आले, मोसंबीवरून पेरूवर. "तुमी"वरून "तू"वर कधी आले ते पुस्तकात न्हवतं. एकदा तिनं घोट तोंडात घेतला आणि तो म्हणाला, "नाशकाला गेलो की सांगू का... वेल आम्ही दोघं लावून राह्यलो म्हणून?"

गाल फुगलेले, डबा त्याच्या बाजूला. बोलायचं तर थुंकावं लागणार, आणि या बोलण्यावर थुंकायचं कसं? तिनं घोट गिळून टाकला.

"सांग," ती म्हणाली.

मग रीतसर बघायचं ठरलं. जात जुळली, गाव जुळलं, बाग तर सगळ्यांनाच आवडली. अडचण असलीच तर प्रियदर्शनीचे वडील तातेराव. गळ्यात माळ. दारूच्या दुकानावरून जावं लागलं तर रस्ता बदलणारे. त्यांना वाईनचं आत्ताच सांगायचं न्हाई, लग्नानंतर बघू, असं दोघांनी ठरवलं. उरलं काय? चहा प्यायचा आणि होय म्हणायचं.

त्या दिवशी आईनं गजरा आणून ठेवला होता. प्रियदर्शनीनं तो घातला न्हाई. त्याला वास घेताना अडथळा नको.

ती ट्रे घेऊन बाहेर आली. राधेश्याम आई-बापाच्या मधे पांढऱ्या शर्टात, घामानं भिजलेला. समोर टीपॉयवर पाहुण्यांसाठी पाण्याचा तांब्या. पितळी, पोट मोठं, गळा आखूड, नुकताच चिंचेनं घासलेला. सगळे त्याच्याकडं बघत होते. माणूस घाबरला की हात आपल्या सवयीनं चालतात. त्याच्या हातांनी कप उचलला, ट्यूबलाइटच्या उजेडात धरला, गोल फिरवला. थोडा चहा बद्रीनाथांच्या धोतरावर गेला. मग त्यानं कपात नाक घातलं आणि डोळे मिटले.

"काही पडलं का चहात?" तातेरावांनी विचारलं.

प्रियदर्शनीला पुढचं दिसलं. तिनं मान हलवली, डोळे मोठे केले, पदराआडून बोट हलवलं. तो डोळे मिटून घोळवत होता. डोळे उघडले तेव्हा त्याला फक्त तांब्या दिसला. तो वाकला आणि अगदी पुस्तकात सांगितल्याप्रमाणं, एक थेंब बाहेर न सांडता, तांब्यात थुंकला.

वर त्यानं सवयीनं निकालही सांगितला.

"आलं पुढं हाय. वेलची मागून येऊन राह्यली. शेवट जरासा तुरट."

दैवशालाबाईनं कपाळाला हात लावला. तातेराव उठले. तांब्या बाहेर नेऊन मोरीत रिकामा केला आणि उन्हात उलटा ठेवला. आत येऊन उभेच राह्यले.

"पोरीच्या हातचा पहिला चहा," ते हळू आवाजात म्हणाले. "घरच्या तांब्यात."

राधेश्यामनं प्रियदर्शनीकडं बघितलं. तो सांगू शकत न्हवता, शपथेवाली आई मांडीला मांडी लावून बसलेली. सांगायचं तर तिनंच. एवढंच तर म्हणायचं होतं – मी शिकवलं, मीच पुस्तक निवडलं.

"नाना... ते काय झालं..."

"काय झालं?"

तिची नजर त्यांच्या माळेवर गेली. "काही न्हाई," ती म्हणाली आणि कप गोळा करायला लागली. सगळे भरलेले होते.

द्राक्षाची छाटणी होऊन गेली, हवेत गारवा आला, तेव्हा तो दुकानात आला. तोच पांढरा शर्ट. जाड पुस्तक परत द्यायला आल्तो म्हणाला. नाशिकचा करार झाला होता. त्या माणसानं वाईन चाखायला दिली, यानं घोळवली, थुंकली, पाच वास सांगितले. माणूस उठून हात मिळवायला आला.

"अन् लग्न ठरलं," तो जाड पुस्तकाकडं बघत म्हणाला. "पोरगी धावड्याची हाय."

"तिथं चहा दिला असंल."

"दिला."

"मग?"

"गिळला."

"कसा होता?"

"गोड... लई गोड. वास घेतलाच न्हाई मी."

तिनं जाड पुस्तक उचलून कपाटात ठेवलं. केसांत गजरा होता, आता रोजच असायचा. तो दारापर्यंत गेला आणि थांबला.

"मोगरा हाय ना?"

"थांब," ती म्हणाली. "लग्नाचा आहेर घेऊन जा."

रोज पर्समधे फिरणारं बारकं पुस्तक तिनं काढून काउंटरवर, पोलीस भरतीच्या बारक्या प्रश्नसंचाशेजारी ठेवलं. ते त्याच्याकडं असावं. समोरच्याकडं बघत प्यावं, हे निदान धावड्याच्या पोरीच्या तरी कामी यावं. डोळ्यांपुढं सगळं पाण्यातल्यासारखं झालं होतं. तिनं मान खाली घालूनच लाल कागद काढला, गुंडाळला, दोरा बांधला, आणि त्याच्या हातात दिलं. त्याची बोटं जरा वेळ कागदावरच राह्यली. मग तो गेला, मोटारसायकल सुरू झाली, आणि स्टेशनच्या गर्दीत दिसेनाशी झाली.

तिनं डोळे पुसले. बारकं पुस्तक काउंटरवरच होतं. पोलीस भरतीचा प्रश्नसंच न्हवता.