चार टेबलं आणि एक खिंड

चहाखान्यात एकच खुर्ची रिकामी होती, नेमकी चिनाराच्या समोरची.

"बसू?" असं विचारून तो उत्तराआधीच बसला. ऊन-बर्फाने रापलेला चेहरा आणि डोळ्यांभोवती चष्म्यापुरती गोरी वर्तुळं... चिनाराला हसू आलं. तिने ते मांतीच्या, म्हणजे ताटलीतल्या खिमा भरलेल्या मोदकांच्या, वाफेआड लपवलं.

"तुम्ही रस्तेखात्यातल्या ना? गळ्यातल्या ओळखपत्रावर दिसतंय. तुमच्याकडे कुणी कवी बसवलाय का हो?"

"का बरं?"

त्याने खिशातून चुरगळलेला कागद काढला. "मी कुबात. वर खिंडीतल्या चौकीवर बर्फावर नजर ठेवायचं माझं काम. सोमवारी फोनवर सांगितलं, 'हिमलोट येणार, रस्ता बंद करा.' आणि फाटकावर काय लागलं? 'खिंडीत हवा बदलती आहे, प्रवाशांनी काळजी घ्यावी.' नशीब, त्या दिवशी कोणी वर आलं नाही!"

चिनाराचे कान तापले. "कवी नाही... चार टेबलं आहेत. पहिलं 'येणार'चं 'येऊ शकेल' करतं. दुसऱ्याला 'हिमलोट' शब्दाचीच भीती वाटते. तिसरं म्हणतं, रस्ता बंद केला तर वरून विचारणा होईल."

"आणि चौथं?"

"ते नुसतं टाइप करतं."

"कोण असतं तिथे?"

"मी..."

 तो तिच्या पेल्यात, तिथल्या रीतीप्रमाणे पाहुण्याचा मान राखून, अर्धाच चहा ओतत म्हणाला, "तरीच! शुद्धलेखनाची एक चूक नव्हती."

दुसऱ्या दिवसापासून दुपारी चौथ्या टेबलावरचा फोन वाजू लागला. कामापुरताच... म्हणजे सुरुवातीला.

"आजचा बर्फ कसा आहे?"

"पिठासारखा. हलका. तुमच्या हसण्यासारखा."

"हेही टाइप करू?"

"करा की! तिसरं टेबल त्याचं काय करतं बघू."

तो खिंड सांगत राही, ती डोळे मिटून ऐकत राही. ऊन चढलं की बर्फ ओल्या साखरेसारखा होतो, आणि तसा झाला की फार वेळ हातात नसतो, हेही ती अशीच शिकली.

मामबेत आगायना, म्हणजे कचेरीच्या साहेबांना, हे कळलं. साहेब वाईट नव्हते, घाबरट होते. "बेटा, चौकीने पहिल्या टेबलाशीच बोलायचं. सगळेच सगळ्यांशी बोलायला लागले तर कचेरी चालायची कशी?"

तिच्या टेबलावरचा फोन काढून नेला. वीस दिवस तो आवाज नाही. ती 'काळजी घ्यावी' टाइप करायची आणि खिडकीतून दूरचं शिखर बघत बसायची.

मार्चअखेरची एक सकाळ अशी उजाडली की पागोळ्या नुसत्या धो धो गळत होत्या. अकरा वाजता तिच्यापुढे कागद आला: 'थोडी घसरण संभवते.' चौकीवरून निरोप आल्याची वेळ मात्र सातची होती. चार तास! आणि बाहेर एवढं ऊन...

ती उठली. तडक पहिल्या टेबलाशी जाऊन तिने मूळ चिठ्ठी ओढून काढली. 'रस्ता लगेच बंद करा. लगेच.'

आगाय बैठकीला गेले होते. तिने त्यांच्याच टेबलावरून थेट फाटकावर फोन लावला.

"फाटक पाडा."

"कागद कुठाय, पोरी? सही कोणाची?"

"माझी!"

फाटकवाला घुटमळला, पण त्याने फाटक पाडलं. अडकलेल्या बसमधल्या वऱ्हाड्यांच्या शिव्या तिला फोनवर ऐकू आल्या. पाऊण तासाने डोंगर गडगडला. रस्त्यावर कुणीही नव्हतं.

पण चौकीचा फोन मुका झाला होता.

आगाय परतले. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि मटकन बसले. रागावले नाहीत. स्वतःच उठून कोपऱ्यातला जुना वायरलेस सुरू केला. चारही टेबलांची माणसं भोवती गोळा झाली. 

चार वाजता खरखर आली. "चौकी शाबूत आहे... फाटक कोणी पाडलं?"

आगायनी काही न बोलता माइक तिच्या हाती दिला.

"मी."

"चिनारा?... तिथे आणखी कोणी आहे?"

"सगळे आहेत."

"मग नंतर बोलतो."

"नाही, आत्ताच बोल!"

पुन्हा खरखर. मग तो आवाज, अगदी जवळचा. "मला तू आवडतेस. फार आवडतेस. रस्ता मोकळा झाला की तुझ्या आईला भेटायला येऊ?"

 दुसऱ्या टेबलावरच्या बाईंनी पदर नव्हता म्हणून तोंडाला रुमालच लावला. चिनाराच्या ओठांवर हसू मावत नव्हतं.

"नीट ऐकू नाही आलं..." ती धडधडीत खोटं बोलली. "पुन्हा सांग ना!"

आणि तो वर खिंडीतून, या वेळी चक्क ओरडून, पहिल्यापासून सांगू लागला.