आधी शेवटचं घर

मुलांनो, जरा डोळे मिटा. फरगाना खोऱ्यातली एक अरुंद गल्ली डोळ्यांसमोर आणा. उन्हाळ्यातले सगळ्यात कडक दिवस. भर दुपार. सगळी गल्ली झोपलेली.

आता ऐका. हे खरंच घडलं. मोहिगुल माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी. तेव्हा नऊ वर्षांची होती.

त्यांच्या बागेतल्या नळाला करंगळीएवढी धार यायची. टोमॅटोच्या वाफ्यांना भेगा पडलेल्या. हिवाळ्यासाठीच्या बरण्या त्याच टोमॅटोंनी भरायच्या होत्या.

तिच्या बाबांनी, एर्गाशने, नळ खोलला. जाळीतली वाळू झटकली. वायसर बदलला. जाड पाइप लावून पाहिला.

धार तेवढीच.

"खाली कुणीतरी आपलं पाणी ओढतंय," तो म्हणाला.

"कोण ओढणार? खाली एकच घर, त्यालाही कुलूप," माझी बहीण म्हणाली. "नळ गंजलाय म्हणा की सरळ."

ते घर रोबियामावशींचं. गल्लीतलं शेवटचं. तिथली रीतच होती, शेवटच्या घराने आधी भरायचं. मावशी पितळी झारी नळावर तीनदा वाजवायच्या: दोनदा भरायच्या आधी, तिसऱ्यांदा भरून झाल्यावर. मगच बाकीचे नळ सुटायचे.

आदल्या थंडीत मावशी वारल्या... आणि गल्लीने वाट पाहणं सोडून दिलं.

एर्गाशने पाणी खेचणारी मोटर आणून जोडली. बटण दाबलं, मोहिगुलला लक्ष ठेवायला सांगितलं आणि तो जेवायला आत गेला.

पाणी उसळलं. मोहिगुल टाळ्या पिटू लागली.

मग पाणी गार झालं... बर्फासारखं.

मग थांबलं.

मोटर नुसतीच घरघरत राहिली. आणि जाड पाइप हळूहळू चपटा होत गेला... पलीकडून कुणी ओढून घ्यावं तसा.

टण...

आवाज भिंतीपलीकडून, मावशींच्या अंगणातून आला.

टण...

मोहिगुलने विटांवर चढून पाहिलं. दाराला कुलूप तसंच. अंगणात धूळ, धुळीत एकही पाऊल नाही.

नळाखाली मात्र झारी होती. ओली. अजून डुलत होती.

तिने मोटर बंद केली. नळ घट्ट फिरवला. तिथेच खाली बसली.

भिंतीपलीकडे काहीतरी भरायला लागलं. बराच वेळ भरत राहिलं.

एर्गाश तोंड पुसत बाहेर आला. "बंद का केलीस गं? वाफे जळून जातील." त्याने नळाकडे हात नेला.

मोहिगुलने दोन्ही हातांनी नळ झाकला.

"थांबा, बाबा. झारी दोनदाच वाजलीय."

तो हसणार होता. तेवढ्यात त्यालाही ते भरणं ऐकू आलं... आणि त्याचा हात तिथेच थांबला.

मग भरणं थांबलं.

टण.

या वेळी पलीकडे नाही. मोहिगुलच्या हातांखाली, त्यांच्याच नळावर.

एर्गाश दोन पावलं मागे सरकला. मोहिगुल हलली नाही. तिने डोळे गच्च मिटले, हळूच विचारलं, "झालं ना, मावशी?" आणि नळ सोडला.