भिंतीतली तार

जेवणाआधी एक चक्कर मारून येतो, असं ऑफिसात सांगून काचवाला धरणाच्या पोटातल्या बोगद्यात उतरला. बाहेर टळटळीत दुपार होती. आत मात्र बारा महिने एकच वेळ असायची. भिंतींना ओल, पायाखाली पाणी, आणि दूर दूर लावलेले मिणमिणते दिवे. ओल्या सिमेंटचा वास तर नाकातून जायचाच नाही.

काचवाला हे काही त्याचं नाव नव्हे. केसाएवढी बारीक काचेची तार तो काँक्रीटमध्ये पुरायचा, म्हणून सगळे त्याला तसं म्हणत. तारेतून प्रकाश सोडायचा. काँक्रीट कुठे ताणलं, आकसलं, तापलं, की तिथून परतणारा प्रकाश बदलायचा आणि यंत्राच्या पडद्यावर नेमकी जागा दिसायची. "डॉक्टर नाडी बघतो ना ताई, तसंच," असं तो बहिणीला समजावायचा. बहिणीचा नवरा याच धरणावर मुकादम होता. त्यानेच मेव्हण्याला इथे चिकटवून दिलं होतं.

त्या दिवशी पडद्यावर शेवटच्या वळणाशी, डाव्या भिंतीत, रेघ वर उठली होती. भेग जात असेल, या हिशेबाने तो निघाला होता. भिंतीपाशी यंत्र ठेवून त्याने तार जोडली. रेघ उठली. बसली. पुन्हा उठली. भेग अशी वागत नाही. भेग गेली की गेली. आणि ती जागा गरमही होती. आजूबाजूचं काँक्रीट थंडगार, अन् तेवढाच तुकडा माणसाच्या अंगासारखा ऊबदार. त्याने भिंतीला तळवा टेकवला.

आतून तळव्यावर ठोका बसला.

चटका बसावा तसा त्याने हात मागे घेतला.

ही भिंत कधी ओतली, ते त्याला आठवावं लागलं नाही. लंबू नाहीसा झाला, तोच तो दिवस. लंबू म्हणजे ओलं काँक्रीट हलवून बसवणारा गडी, अंगाने ताडमाड आणि तोंडाने फटकळ. तापाने फणफणलेल्या एका मजुराला मुकादमाने उंच फळ्यांवर चढवलं, तो पडून मेला, तेव्हा लंबूने सगळ्यांदेखत मुकादमाच्या कानाखाली आवाज काढला होता. त्यानंतर लंबू कुणाला दिसला नाही. पळून गेला, असं मुकादमाने सांगितलं. लंबूची बायको मात्र फाटकाशी येऊन बसायची. एकदा तिने काचवाल्यालाच गाठलं होतं. "दादा, तुमच्या तारेला सगळं कळतं म्हणे. माझा माणूस कुठे गेला, ते नाही का हो कळत?"

बोगद्यातल्या फोनवरून त्याने मुकादमाला बोलावलं. भिंतीत काहीतरी हलतंय, एवढंच सांगितलं. मुकादम आला तो खांद्यावर घण घेऊनच.

"तार तोड," तो आल्या आल्या म्हणाला.

"भाऊजी, आधी ऐका तरी..."

"तोड म्हणतो ना!"

"आत कोणीतरी ठोकतंय, भाऊजी."

मुकादमाचा चेहरा पडला. तो अगदी हळू म्हणाला, "कसं ठोकेल? फावड्याने जबडा फोडला मी त्याचा. साच्यात पडला... वरून काँक्रीटचा माल येतच होता..."

"मेला होता ना तो? पडला तेव्हा?"

मुकादमाने घण खाली टेकवला. पाणी ठिबकत राहिलं.

"हात वर करत होता," तो शेवटी म्हणाला.

तेवढ्यात भिंतीतून धप्पकन आवाज आला. या वेळी तो दोघांनाही ऐकू आला. मुकादमाचं डोकं फिरलं. "मर! मर ना मेल्या!" असं ओरडत त्याने घण उचलला आणि जीव खाऊन भिंतीवर घातला.

घण बसला भिंतीवर, पण फुटला तो मुकादमाचा जबडा. समोर कोणी नव्हतं. तरी सपाट पात्याचा फटका बसावा तसं तोंड एका बाजूला सरकलं, रक्ताची चिळकांडी दिव्यावर उडाली आणि दात पाण्यात पडले. एवढ्याने तो थांबायला हवा होता. थांबला नाही. त्याने पुन्हा घण घातला. खांद्याचं हाड काडकन मोडलं. पुन्हा घातला. बरगड्या आत गेल्या. हात आता त्याचे राहिलेच नव्हते. डोळे मेव्हण्याकडे बघून विनवत होते आणि हात घण उचलत होते.

मग तो गुडघ्यांवर कोसळला. तोंडातून रक्त यायचं थांबलं आणि करडा, दाट गाळ येऊ लागला. ओलं काँक्रीट. त्याने दोन्ही हात वर केले, कुणीतरी ओढून घ्यावं म्हणून.

काचवाल्याला वाटलं, पळावं. टाकावं याला इथेच. पण डोळ्यांपुढे ताई आली. त्याने काखेत हात घालून मुकादमाला ओढलं. अंग दगडासारखं जड झालं होतं. फरफटत, ठेचकाळत, रडत त्याने त्याला उजेडात आणलं.

इस्पितळाच्या बाकावर त्याने ताईला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. ती रडली नाही. पदराने हात पुसत राहिली, ते कोरडेच होते.

"त्या बाईकडे जा," ती म्हणाली. "आधी तिला सांग. मग पोलिसांना."

"आणि तू, ताई?"

"मी इथे बसते. मला कुठे जायचंय?"

पोलिसांनी भिंत कापून घेतली. लंबू आत उभाच होता, दोन्ही हात वर, जबडा एका बाजूला मोडलेला. बायकोने उंचीवरूनच ओळखलं. तिने काचवाल्याचा हात घट्ट धरला. पडद्यावरची रेघ त्याच दिवशी सपाट झाली. सुटलो एकदाचे, असं काचवाल्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीण बाईंनी त्याला वॉर्डात बोलावून घेतलं. मुकादम जिवंत होता. जबड्याला पट्ट्या, डोळे टक्क उघडे.

"छातीतून सिमेंट निघतंय, ते आम्ही काढतोय," डॉक्टरीण बाई दबल्या आवाजात म्हणाल्या. "पण हे काय आहे... ते तुम्हीच सांगा."

मुकादमाच्या ओठांच्या कोपऱ्यातून केसाएवढी एक तार बाहेर आली होती. उशाशी तिचं मोठं वेटोळं पडलं होतं.

"ओढली की येतच राहते. दुसरं टोक सापडतच नाही."

काचवाल्याने तारेचं टोक चिमटीत धरलं. काचच होती. अशी तार कुठे तुटली ते शोधायचं असलं, की दुसऱ्या टोकाला एक माणूस बसतो आणि तिच्यातून लाल प्रकाश सोडतो.

त्याच्या चिमटीत लाल ठिपका पेटला. विझला. पुन्हा पेटला.