कर्णिक साहेबांचा धूर

त्या दिवशी फाल्गुनातलं धुरकट पडलं होतं. धुकं म्हणावं तर ओल नव्हती, ढग म्हणावे तर डोक्यावर ऊन. एरवी आमच्या माळावरून माहुलीचे सुळके दिसतात, ते त्या सकाळी कुणी पुसून टाकल्यासारखे गेले होते. वारा अजिबात नाही. ऐनाचं पान हलत नव्हतं. मी ओल्या पाल्याचा भारा डोक्यावर घेऊन माळ चढत होतो.

पाला कशाला, ते सांगतो. सावकाश सांगतो, मला घाईने बोलता येत नाही.

किन्हवलीच्या पुढे, मुरबाडच्या अंगाला आमचा माळ. मुंबईच्या एका शेठने तो घेतला आणि मधोमध लांब पट्टी सपाट करून घेतली, विमानं उतरवायला. मोठी विमानं नव्हेत. जुनी, बारकी, कापडाच्या पंखांची, एक नाहीतर दोन माणसं बसतील एवढी. अशी विमानं बाळगणारे लोक मोजके. वर्षातून एकदा ते आपापलं विमान स्वतः चालवत लांबलांबून यायचे, कोण बडोद्याहून, कोण बेळगावाहून, आणि आमच्या माळावर गोळा व्हायचे. म्हसा गावच्या जत्रेत शेतकरी दुसऱ्याच्या बैलाच्या पाठीवर हात फिरवतो ना, तसे एकमेकांच्या विमानांवर हात फिरवायचे. जेवायचे, दुसऱ्या दिवशी उडून जायचे.

माझं काम म्हणजे पट्टीच्या कडेने चुना मारायचा, कुंपणाच्या पुढच्या गेटवर उभं राहून गुरं हाकायची, आणि सकाळी टोकाला शेकोटी करून तिच्यावर ओला पाला टाकायचा. पांढरा दाट धूर चढतो. वरच्या माणसाला जागा कळते आणि वाराही कळतो. सोळा वर्षं मी तो धूर केला.

त्या धुराची खरी गरज एकालाच होती. कर्णिक साहेबांना. ऐंशी ओलांडलेले, नाशिकहून एकटेच यायचे, पिवळ्या विमानात. मोबाइल बाळगायचे नाहीत. मला म्हणायचे, "राघो, कसाऱ्याला रूळ धरतो. भातसाचं पाणी आलं की डावीकडे वळतो. पुढे तू." उतरले की शेठकडे नंतर, आधी माझ्याकडे. माझ्या तांब्यातलं पाणी पिऊन म्हणायचे, "पोचलो रे बाबा."

तर वाटेत पोश्या भेटला. पोश्या माझा शेजारी, आमच्यात एका कुडाचं अंतर. तो आणि त्याची बायको जनाबाई ओढ्याकाठी राब रचत होती. भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, फांद्या, पाला असे थर घालून ते भाजायचे, त्याला राब म्हणतात. पाऊस यायच्या आधी आमच्याकडे घरोघर चालतं.

"काय धुराचे मास्तर," पोश्या हसला, "तुज्या धुराला चहा-बिस्कुट, माज्या धुराला नुसतं डोल्यात पानी."

"आज नको पेटवू रे. इमानं येनार."

"वारा नाय म्हनून तर आजच. उद्या वनवा लागला तर तुजे शेठ येतील विझवाया?"

बरोबर होतं त्याचं. मी म्हटलं, वर माझा धूर असेल, खाली त्याचा. साहेब सोळा वर्षं माझा धूर ओळखतात. चुकायचे नाहीत.

वर पोचलो तर विपुल उभा. शेठचा नवा मॅनेजर. पांढरे बूट.

"राघो काका, आज धूर नको."

"का?"

"पाहुणे खोकतात. फोटोत सगळं पांढरं येतं. आता सगळ्यांकडे मोबाइलवर मॅप असतो."

"कर्णिक साहेबांकडं नाय."

"त्यांना मेसेज केलाय."

"मोबाइल नाय त्यांच्याकडं."

"काका, तुम्ही गुरं बघा."

"खाली पोश्या राब पेटवतोय. त्याला तरी थांबवून येतो."

"गेट सोडून कुठेही जायचं नाही. गुरं पट्टीवर आली तर जबाबदार कोण?"

मी भारा खाली ठेवला. तेवढीच माझी चूक. भारा खाली ठेवला.

नऊच्या सुमारास विमानं यायला लागली. एकामागून एक आठ. पाहुणे उतरले, टाळ्या झाल्या, फोटो झाले. आणि मग तो आवाज आला. कर्णिक साहेबांच्या विमानाचा आवाज वेगळा, जुन्या शिवणयंत्रासारखा, मध्येच एक टाका सुटलेला. धुरकटात विमान दिसत नव्हतं. आवाज आमच्या डोक्यावर आला, एक चक्कर मारली... दुसरी मारली... आणि ओढ्याच्या बाजूला वळला. तिकडे पोश्याच्या राबाचा धूर सरळ उभा होता. पांढरा, दाट. अगदी माझ्यासारखा.

आवाज खाली गेला. मग थांबला.

उतरताना यंत्र मंद होतं. असं मध्येच थांबत नाही.

मी विपुलकडे गेलो. "साहेब खाली गेले. ओढ्यात गेले."

"परत फिरले असतील. वय झालंय आजोबांचं."

"आवाज बंद झाला."

"काका, पाहुण्यांसमोर नको." मग एका पाहुण्याकडे वळून तो म्हणाला, "कर्णिक दरवर्षी उशिराच येतात." पाहुणे हसले. त्यांच्या हातात कप होते. आठ विमानवाले, आठांनाही वरून ओढा कुठे ते ठाऊक, आणि आठांतला एकही उठला नाही.

मीही गेलो नाही. तीन तास गेटवर उभा राहिलो, एका गाईची वाट बघत.

दुपारी बारा-साडेबाराला पट्टीच्या टोकाकडे गेलो. भारा तिथंच होता, पाला सुकत होता. आणि त्याच्याजवळ पिवळं विमान उभं होतं.

आल्याचा आवाज नाही. धूळ नाही. भर उन्हात त्याची सावली कशी ती दिसेना. वास मात्र येत होता. जळक्या शेणाचा आणि पेट्रोलचा.

साहेब आत बसलेले. तोंड काळं झालेलं, चष्म्याची एक काच नव्हती.

"राघो..." आवाज अगदी हळू. "धूर कुठे होता रे?"

"साहेब... नको म्हनाले."

"मी दोन चकरा मारल्या. मग खाली दिसला. म्हटलं, राघो चुकायचा नाही..."

"पानी देऊ, साहेब?"

त्यांनी हात पुढे केला. बोटांवरून राख गळत होती, गवतावर पडत होती आणि पडल्यावर दिसत नव्हती.

"उतरायचं राहिलंय अजून," ते म्हणाले.

मी तांब्या घ्यायला वाकलो. सरळ झालो तर समोर नुसती पट्टी. गवताची एकही काडी वाकलेली नव्हती. तांब्यातल्या पाण्यावर तेवढी राखेची साय धरली होती.

तेवढ्यात माळाच्या कडेने पोश्या वर आला. पळत नव्हता, चालतही नव्हता. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले.

"दादा... पिवलं इमान राबात पडलं. सकाली. मानूस जिता होता रे, पाय आडकलेला. आमी दोघं वढत होतो... आता गेला. पार आतापातूर बोलत होता. तुजं नाव घेत होता."

"मग वर का नाय आलास? फोन तरी..."

"वढ्यात रेंज कुठं? जनी आलती ना वर. मागच्या गेटवर. तो पांढऱ्या बुटांवाला म्हनाला, आज पाहुने हायत, उद्या ये."

लोक म्हणतात, राघोला राग येत नाही. मला त्या दिवशी राग आला तो अजून गेलेला नाही. भाकरी खाताना असतो, झोपताना असतो. तीन तास. माळावरून ओढा विडी संपायच्या आत गाठता येतो.

पुढे काय झालं ऐका. मेळाव्याच्या लोकांनी छापून आणलं की आदिवाशांनी आग लावली म्हणून अपघात झाला. पोश्याला पट्ट्या बांधलेल्या हातांनी चार दिवस जबाबाला जावं लागलं. माझ्या न पेटलेल्या शेकोटीबद्दल कुणी विचारलं नाही. मी आपण होऊन सांगितलं, तर लिहिणाऱ्याने पेन खाली ठेवलं.

मेळावा दुसरीकडे गेला. साहेब गेले नाहीत.

दुसऱ्या फाल्गुनात, धुरकट पडलं त्या सकाळी, नऊच्या सुमारास तो आवाज आला. टाका सुटलेला. माळावर चक्कर, मग दुसरी. मी होतो तसा पळालो, पट्टीच्या टोकाला शेकोटी पेटवून पाला टाकला. धूर चढला तसा आवाज धुरावर आला, जरा घुटमळला, मग वर चढून घाटाकडे निघून गेला. तेव्हापासून धुरकट पडलं की मी पाला घेऊन जातो. तीन वर्षं गेलो. पगार नाही, कुणी सांगितलेलं नाही. मी जिवंत आहे तोवर त्या माणसाला पुन्हा राबात उतरू द्यायचं नाही, एवढंच धरून बसलोय.

यंदा शेठने जुनं काट्यांचं कुंपण काढून माळाला तार घातली. आत पाहुण्यांसाठी बंगल्या होणार आहेत. परवा सकाळी मी भारा घेऊन गेलो तर विपुल तारेच्या आत उभा.

"काका, इथे धूर करायचा नाही आता. वास जातो."

"एकदाच करतो नि जातो. आवाज येईल आता."

"कसला आवाज?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, जनाबाईला गेटवरून हाकललं तेही. ऐकून त्याने माझ्या भाऱ्यावर पाण्याचा पाइप धरला. मी जन्मात कुणाला शिवी दिली नव्हती, ती त्याला दिली. माझा आवाज मलाच ओळखू येईना. तो हसला आणि पाइप गुंडाळायला लागला.

भाऱ्यातल्या सुक्या काटक्याही भिजल्या, शेकोटी पेटली नाही. काड्या संपल्या. डोक्यावर आवाज आला. एक चक्कर... दुसरी... आणि ओढ्याकडे वळला. पोश्याने आदल्या दिवशी राब भाजला होता, त्यातून अजून धूर निघत होता. मी तारेला धरून ओरडत होतो. आवाज खाली गेला.

मग थांबला.

काल उजाडता पोश्या माझ्या दारात आला. आत ये म्हटलं तर येईना. उंबऱ्याबाहेर उभा राहून, जनाबाईला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाला, "दादा, राबाच्या राखंत चाकांचं माग हायत. दोन मोठी, मागं एक बारकं. मी चारी बाजूनी फिरून बगितलं... उतरल्याचं हायत. गेल्याचं नायत."